चार हट्टी स्क्रू

बंदुकीचे स्क्रू खराब झाले, एवढंच निमित्त. पण ते निघेपर्यंत कोडोलीच्या आमच्या घरात कुणाला धड झोप लागली नाही.

लॅपटॉपच्या पोटाखालचा, बाईकच्या इंजिन कव्हरवरचा, नाहीतर भाड्याच्या फ्लॅटमधल्या पंख्याचा... तुमच्या-माझ्या आयुष्यात एक तरी स्क्रू असा येतोच, जो काही केल्या फिरत नाही. स्क्रू ड्रायव्हर फिरतो, मनगट फिरतं, थोड्या वेळाने डोकंही फिरतं. स्क्रू मात्र जागचा हलत नाही. मग आपण जोर लावतो. 'खर्रर्र' असा एक आवाज येतो आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत! पुढचा अर्धा तास आपण त्या स्क्रूच्या कंपनीला, तिच्या मालकाला आणि एकूणच विज्ञानाला शिव्या घालतो आणि शेवटी कुणाला तरी फोन लावतो.

लॅपटॉप असेल तर फार तर एक शनिवार वाया जातो. पण हाच स्क्रू बंदुकीवर असेल तर? आणि त्या स्क्रूमागे कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय, एवढंच माहीत असेल तर?

ऊस, डुकरं आणि दुनळी

कोडोली म्हणजे पन्हाळा तालुक्यातलं मोठं, गजबजलेलं गाव. शेजारी वारणानगर, एका अंगाला जोतिबाचा डोंगर आणि नजर जाईल तिथे ऊस. उसात दडायला आणि भुईमूग उकरायला येणारी रानडुकरं हा तिथला कायमचा विषय. आपल्याकडे पार्किंगवरून जेवढी चर्चा होते तेवढी तिथे डुकरांवरून होते. आमच्या आबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची दुनळी आहे. बर्मिंगहॅमला बनलेली, त्यांच्या वडिलांकडून वारसाने आलेली. वर्षातून चार-दोनदा बांधावर उभं राहून हवेत बार काढायचा, कळप पांगवायचा, बंदूक पुसून कपाटात ठेवायची. संपलं काम.

दोन वर्षांपूर्वी आबांना उजवा चाप जड लागायला लागला. वय झालं, बोटात जोर राहिला नाही. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने एक कारागीर घरी आला. "एका तासात लोण्यासारखा करून देतो," म्हणाला आणि दिलाही करून. चहा पिऊन, पैसे घेऊन गेला. मी तेव्हा पुण्यात, क्लायंट कॉलमध्ये. मला हे सगळं नंतर कळलं.

कळलं कधी? गेल्या दिवाळीच्या आधी. संध्याकाळी काका बांधावर गेले, दोन काडतुसं घातली, बंदूक मिटली आणि चापाला बोट लागायच्या आत उजवी नळी उडाली. नशिबाने तोंड जमिनीकडे होतं, छर्रे बांधाच्या मातीत गेले. माझा चुलतभाऊ तीन पावलांवर बॅटरी धरून उभा होता. तो अकरावीत आहे.

त्या रात्री काकांनी बंदूक रिकामी केली, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात टाकली आणि मला फोन केला. सकाळी आत काय झालंय ते बघावं म्हणून खालची पट्टी नीट निरखली. पट्टी आणि चापाभोवतीची कडी मिळून चार स्क्रू. चौघांचीही डोकी खाल्लेली! एकाच्या खाचेत पिवळट काहीतरी भरलेलं. म्हणजे बंदूक बिघडली होती आणि तिच्या पोटात शिरायचा दरवाजा आधीच्या पाहुण्याने बंद करून ठेवला होता.

"आत काय केलं आसंल?"

इथे कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण घरोघरी याचाच घोळ असतो. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदूक बनवायला आणि विकायला जसा परवाना लागतो तसाच ती दुरुस्त करायलाही लागतो. आपल्या घरात, आपल्या मालकीची बंदूक आहे म्हणून बिनपरवान्याच्या माणसाला हात लावायला द्यायची सोय नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप इतकी झाली आहे. चहा पिऊन गेलेल्या कारागिराला याची कल्पना होती का, देव जाणे. मग दुरुस्तीला बंदूक न्यायची कुणी? तिसऱ्या कलमात तशी सोय आहे. परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी दुसरा माणूस ती नेऊ शकतो. आम्ही दोन्ही केलं. आबा पुढच्या सीटवर, परवाना त्यांच्या खिशात, चिठ्ठी माझ्याकडे आणि उघडून दोन तुकडे केलेली बंदूक पिशवीत.

कोल्हापुरातले परवानाधारक दुरुस्तीवाले, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, साठीच्या पुढचे. दुकान एवढंसं. (कोल्हापूर भागात शिकलगार हे आडनाव बरंच भेटतं. शस्त्रांना शिकल म्हणजे धार आणि चकाकी देणारे ते शिकलगार. या शहराचं हत्यारांशी असलेलं नातं असं थेट मतदार यादीत सापडतं.) मिस्त्रींनी बंदूक घेतली, आधी दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं, मग करंगळीने दोन्ही घरं चाचपली. आम्ही तीनदा सांगितलं होतं की रिकामी आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि तरी चाचपली.

मग उलटी करून भिंग लावलं आणि बराच वेळ नुसते स्क्रू बघत बसले.

"आबा, ह्यो कुणी उघडलीवती?"

"हुता एकजण."

"ह्या खाचा बघा. ज्यानं भायेर असं केलंय, त्यानं आत काय केलं आसंल?"

बंदूक तपासताना जाणकार माणूस नळीवरची नक्षी किंवा दस्त्याचं लाकूड नंतर बघतो, आधी स्क्रू बघतो. चांगल्या इंग्लिश बंदुकीत स्क्रूची खाच केसासारखी बारीक असते आणि सगळ्या खाचा नळीच्या रेषेत, एका दिशेला लावलेल्या असतात. त्या रुंद, फाटलेल्या किंवा वाकड्या दिसल्या, की योग्य अवजार नसलेला माणूस आत जाऊन आला आहे हे नक्की. सेकंडहँड बाईक घेताना इंजिनाचे नट-बोल्ट निरखून बघणारे मित्र असतात ना? तेच लॉजिक.

मग त्यांनी डमी काडतुसं घातली, बंदूक मिटली, चाप मोकळाच ठेवला आणि रबरी मॅलेटने दस्त्याच्या बुडावर हलकेच ठोकलं. आतून 'टक्' आवाज आला. घोडा पडला होता. परत उघडली, मिटली, सेफ्टी लावली, ठोकलं. 'टक्'. आबांचा चेहरा उतरला. माझाही.

कारण मला वाटत होतं, आणि तुम्हालाही वाटत असेल, की सेफ्टी लावली म्हणजे विषय संपला. पण बहुतेक दुनळी बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते. घोडा धरून ठेवते ती आतली एक छोटी पोलादी जीभ, तिला सीअर म्हणतात. ती घोड्याच्या खाचेत अडकलेली असते, आणि चाप ओढला की निसटते. ती जीभच झिजलेली किंवा कुणी घासलेली असेल तर धक्क्याने आपोआप निसटते. चाप अडवलेला असो नाहीतर नसो. काही महागड्या बंदुकांत यासाठी दुसरी राखीव अडवणी असते. आबांच्या बंदुकीत नव्हती.

स्क्रू निसटतो का?

"ठेवून जावा. चार दिवस तरी लागतील," मिस्त्री म्हणाले. मी रजा काढली होती, म्हणून विचारलं की बसलो तर चालेल का. "बसा की. च्या घेणार?"

आपण सगळे एकाच कारणाने स्क्रू खराब करतो आणि ते कारण जोर कमी पडणं हे नसतं. घरातला साधा चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर टोकाकडे पाचरीसारखा निमुळता होत जातो. खाचेच्या भिंती मात्र सरळ उभ्या. म्हणजे पाचर फक्त वरच्या कडांना टेकते. तुम्ही पिळ दिला की सगळा भार त्या दोन कडांवर येतो, पाचर वर सरकते आणि जाताना कडा सोलून नेते. बंदूक दुरुस्तीवाल्याच्या ड्रायव्हरचं पातं शेवटपर्यंत एकसारख्या जाडीचं असतं, दोन्ही अंगांनी पोकळ घासलेलं. खाचेच्या तळाला टेकणारं, तिची रुंदी आणि जाडी पूर्ण भरणारं. मिस्त्रींच्या डब्यात अशी तीसेक पाती होती, एकाचं माप दुसऱ्याला नाही. प्रत्येक नव्या बंदुकीसाठी ते एखादं पातं घासून जुळवतात. त्याला पंधरा मिनिटं जातात. चहा पिऊन गेलेल्याने वाचवली ती हीच पंधरा मिनिटं.

फुलीवाल्या स्क्रूचं दुखणं वेगळं. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांच्या नावाची ही फुली १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यात आली. मशीनने स्क्रू भराभर बसवायला ती झकास, पण पिळ वाढला की ड्रायव्हर बाहेर ढकलला जातो हा तिचा स्वभावच. त्यात आपल्या रस्त्यांवरच्या जपानी घराण्याच्या बाईक्सची गंमत अशी, की त्यांच्यावरची फुली फिलिप्सची नसतेच! ती जपानी मापाची असते. दिसायला सारखी, पण कोपऱ्यांचा आकार थोडा वेगळा. बऱ्याचदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच खूण. त्यात साधा फिलिप्स ड्रायव्हर वरवर बसतो आणि निसटतो. इंजिन कव्हरचे स्क्रू इतक्या बाईक्सवर खाल्लेले का दिसतात, याचं हे मुख्य कारण. जपानी मापाचे ड्रायव्हर ऑनलाइन मिळतात. पिझ्झ्यापेक्षा स्वस्त पडतात आणि जास्त टिकतात.

पहिले दोन

पहिला स्क्रू नुसत्या जुळवलेल्या पात्याने निघाला. मिस्त्रींनी आधी तो किंचित आवळायच्या दिशेने दाबला, मग सोडवायच्या. गंज आणि वाळलेल्या तेलाची पकड अशी मागे-पुढे केल्याने सुटते. आपण पहिल्या सेकंदापासून एकाच दिशेला जीव खाऊन पिळतो, तिथेच बिघडतं.

दुसऱ्याची खाच फाकून तिच्या कडा बाहेर लोटल्या गेल्या होत्या. मला वाटलं आता करवत. तर नाही. त्यांनी लहानशा हातोडीने, सोनार ठोकतो तसं टिक-टिक करत, बाहेर आलेलं पोलाद परत खाचेकडे बसवलं. धातू कुठे गेलेला नसतो, सरकलेला असतो. खाच पुन्हा अरुंद झाली, मग बारीक कानशीने साफ केली. गंजात मुरणाऱ्या पातळ तेलाचा एक थेंब सुईने सोडला आणि बंदूक नळी खाली, दस्ता वर अशी कोपऱ्यात उभी केली.

"अशी उलटी का?"

"त्याल लाकडात जातंय न्हवं!"

तेल मुरलं की अक्रोडाचं लाकूड वर्षानुवर्षांत मऊ, काळं पडतं आणि पोलादाची पकड सुटते. बाराही महिने नळी वर करून ठेवलेल्या, सढळ हाताने तेल पाजलेल्या जुन्या बंदुकांचा दस्ता नेमका तिथेच कुजतो. आमच्याकडे आबा दर पोळ्याला तेल पाजायचे. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त लाकडावर नख दाबून आबांना दाखवलं.

दुसरा स्क्रू दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. वाट बघणं हेसुद्धा एक अवजार म्हणून त्या दुकानात वापरतात. मला वाट बघायची सवय नाही, मला तर लिफ्टसुद्धा उशिरा आलेली खपत नाही.

पिवळं काय होतं?

तिसऱ्या स्क्रूत भरलेलं पिवळट म्हणजे दोन नळ्यांचा कालवून लावायचा इपॉक्सी गोंद. आटे गेले म्हणून स्क्रू गोंदाने बसवला होता! मिस्त्रींनी तो बघून एकच शब्द काढला, तो इथे छापता येणार नाही.

अशा वेळी उष्णता लागते, कारण इपॉक्सी तापला की मऊ पडतो. बाईकवाल्यांना हे लाल लॉकटाइटवरून माहीत असेल. तो अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्याशिवाय सोडत नाही. निळा साध्या पान्ह्याने सुटतो. पण इथे ब्लोटॉर्च लावायची सोय नाही. दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी बहुतेक वेळा कथलाच्या मऊ डागाने जोडलेली असते, आणि नेहमीचा शिसे-कथलाचा डाग १८३ अंशांना पातळ व्हायला लागतो. शिवाय यंत्राच्या भागांवर कडक पोलादाचा पातळ थर असतो, जास्त तापलं की त्याचं पाणी उतरतं. म्हणून नळ्या बाजूला काढून ठेवल्या आणि मिस्त्रींनी रेडिओ दुरुस्तीवाला वापरतो तसली सोल्डरिंग आयर्न आणली. टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं. दोन मिनिटं, थोडं थांबून परत दोन मिनिटं. जळकट वास आला.

मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात आवडलं. बंदूक गादीच्या शिकंजात धरून ड्रिल मशीनच्या खाली घेतली. मशीनचा प्लग काढून माझ्या हातात दिला. "धरा. कुणी लावायला नको." चकमध्ये ड्रिलऐवजी जुळवलेलं पातं बसवलं, हँडलने ते खाचेवर घट्ट दाबून धरलं आणि चक हाताने, अगदी हळू फिरवला. ड्रायव्हर निसटतो तो वर सरकल्यामुळे. वरून असा सरळ दाब असेल तर सरकणार कुठे? स्क्रू कुरकुरला आणि फिरला. आबांनी मोठ्याने श्वास सोडला. कोपऱ्यातल्या स्टुलावर ते गेला तासभर गप्प बसले होते.

घरच्या घरी एवढा सरंजाम नसतो, पण तत्त्व तेच. लॅपटॉपचा गेलेला फुलीचा स्क्रू असेल तर मधे रुंद रबर बँडचा तुकडा ठेवून दाबा. बाईकचा असेल तर ड्रायव्हरच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावा, तिचे खरखरीत कण पकड देतात. नाहीतर हातोडी मारली की आपोआप पिळ देणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर. तो बाईकसाठी, लॅपटॉपसाठी अजिबात नाही!

चौथा

चौथ्याला डोकंच उरलं नव्हतं. नुसती एक गुळगुळीत वाटी. माझ्या मनात लगेच यूट्यूबवरचा 'ईझी आउट' आला. उलट्या आट्यांचं निमुळतं टोक, भोक पाडून आत घालायचं आणि उलटं फिरवायचं. मी म्हणून पाहिलं. मिस्त्री हसले. हे टोक काचेसारखं कडक असतं आणि बारीक स्क्रूत हमखास मोडतं. मोडलं की संपलं, कारण त्या पोलादावर साधं ड्रिल चालत नाही. मग ठिणगीने धातू खाणाऱ्या मशीनवर, म्हणजे स्पार्क इरोजनवर न्यावं लागतं. उद्यमनगरात मोडलेले टॅप काढायला अशी मशीनं वापरतात, पण तिथे बंदूक न्यायची म्हणजे परत परवान्याचा प्रश्न.

त्यांनी काढलं उलट्या पिळाचं ड्रिल, डावीकडे फिरणारं. आधी पंचने बरोबर मध्यावर खूण. ती एवढी निगुतीने केली की तेवढ्यात माझे दोन कॉल येऊन गेले. मग अगदी कमी वेगाने ड्रिल. ते कापताना स्क्रूला सोडवायच्याच दिशेने ओढत असतं. जेमतेम दोन मिलिमीटर आत गेलं आणि पकडलं. चौथा स्क्रू ड्रिलच्या टोकाला गोल फिरत आपण होऊन बाहेर आला, आटे शाबूत.

"निघालं बघा," मिस्त्री म्हणाले. बस, एवढंच.

पट्टी उचलल्यावर

खालची पट्टी निघाली. ही अँसन आणि डीली यांच्या पद्धतीची रचना, बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कंपनीत १८७५ मध्ये पेटंट झालेली. भाग इतके कमी की मलाही कळली. बंदूक उघडताना नळ्या खाली झुकतात, त्याच जोराने घोडे चढतात, आणि सीअर त्यांना धरून ठेवते. डावी सीअर स्वच्छ, कडा सुरीसारखी. उजवीच्या कडेवर कानशीचे ओरखडे आणि टोक गोल. पलीकडे घोड्याची खाचसुद्धा घासलेली. कडक थर काही दशांश मिलिमीटरचाच असतो, तो पार खरवडून आतलं मऊ पोलाद उघडं पडलेलं.

म्हणजे चाप त्या दिवशी लोण्यासारखा झाला होता आणि नंतर दर बाराला आणखी झिजत गेला होता. अशा बंदुकीचा चाप साधारण पावणेदोन किलोच्या ओढीला सुटावा लागतो. मिस्त्रींचा स्प्रिंग काटा उजव्या चापाला अर्धा किलोही दाखवेना.

हलका चाप ही काही वाईट गोष्ट नाही, तो कुठे आणि कसा हलका केला हे महत्त्वाचं. याच जिल्ह्यातल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक अजिंक्यपद घेतलं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं. यांच्या रायफलींचा चाप आबांच्या बंदुकीपेक्षा कितीतरी हलका असतो. पण तो कारखान्याने दिलेल्या स्क्रूंवर, मोजून जुळवतात, कानशीने नाही. पिस्तुलाला तर नियमच आहे: १० मीटर एअर पिस्तूलचा चाप किमान ५०० ग्रॅमचा, २५ मीटरचा किमान एक किलोचा. स्पर्धेच्या वेळी वजन लटकवून तपासतात. रायफलीला अशी किमान मर्यादा नाही, पण तिथे काडतूस घरात जातं ते रेंजवर, लक्ष्याकडे तोंड असताना. काळोखात, बांधावर, शेजारी पोरगं उभं असताना नाही.

वीकएंडला एअर रायफल शिकायला जाणारे आता तुमच्या ऑफिसातही असतील. स्प्रिंगवाल्या एअर गनचे स्क्रू हादऱ्याने ढिले होतात, आणि मग माणूस ते दणकून आवळतो. स्कोपच्या माउंटचे बारीक षटकोनी स्क्रू असेच जातात. मापाची, कोपरे न झिजलेली चावी घ्या आणि दोन बोटांच्या जोराने आवळा, आख्ख्या मुठीने नको. आतल्या चापाच्या यंत्रणेला मात्र घरी हात लावू नका, परवाना लागत नसला तरी.

नवीन स्क्रू, जुनी काडतुसं

घासलेली सीअर भरून काढण्यापेक्षा मिस्त्रींनी नवीन घडवली, घोड्याची खाच वेल्डने भरून पुन्हा कापली आणि दोन्हींना पाणी दिलं. महिना गेला. चारही स्क्रू लेथवर नवे केले, कारण या जुन्या आट्यांचं माप बाजारात कुठे मिळत नाही. नवीन स्क्रूला खाच आधी पाडत नाहीत हे मला तिथे कळलं. आधी पूर्ण आवळून बसवतात, डोक्यावर नळीच्या रेषेत खूण करतात, काढतात, मग त्या खुणेवर खाच कापतात. म्हणून सगळ्या खाचा एका दिशेला दिसतात. बिल झालं माझ्या फोनच्या दोन हप्त्यांएवढं.

बंदूक आणायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी डमी घालून मॅलेट मारली. आवाज नाही. सेफ्टी काढून मारली. नाही. आबा म्हणाले, "आनि एक डाव." त्यांनी आणखी दहा वेळा मारली, न कुरकुरता.

मग नळ्यांची घरं मोजून त्यांनी आणखी एक गोष्ट काढली. घरं ६५ मिलिमीटरची, आणि आमच्या डब्यातली काडतुसं ७० ची. बसतात बरोबर, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण बार उडताना काडतुसाचं मिटलेलं तोंड उघडतं, पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. लांबी खोक्यावर लिहिलेली असते, फक्त वाचायची. आबांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. मिस्त्रींनी रजिस्टरला नोंद केली, परवान्यावरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि जुने चार स्क्रू काडेपेटीत घालून दिले.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची असते, २०१९ आधी तीनची होती. आबांची या उन्हाळ्यात संपतेय. त्यांचं आणि काकांचं यावरून अजून ठरत नाहीये. काका म्हणतात बंदूक माझ्या नावावर करू. आबा म्हणतात शेताला सौर कुंपण घाल आणि बंदूक जमा कर. मधल्या काळात ती कपाटात आहे, दोन तुकड्यांत, नळी खाली करून. सत्तरची काडतुसं पावती करून विक्रेत्याकडे परत गेली, पासष्टची अजून आणलेली नाहीत. चुलतभावाने बॅटरी धरायचं काम सोडलंय आणि त्याला कुणी काही म्हणत नाही.